मालनचा बुधवार

हिंदुरावच्या अर्ध्या गालावरनं वस्तरा फिरून झाला होता आणि उरलेल्या अर्ध्या गालावर साबण होता, तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. त्यानं हात वर करून वस्तरा थांबवला. फोन आधी डोळ्याजवळ नेला, मग लांब धरला, आणि तसाच खुर्चीतनं उठला. सलूनवाला जालिंदर म्हणाला, राहिलेली बाजू तरी करू द्या. पण हिंदुराव गळ्यातल्या फडक्यासकट माझ्या बाकड्याशी आला आणि फोन माझ्या नाकापुढं धरला.

कराडच्या स्टँडचा फोटो होता. गर्दीच्या मधोमध एका बाईची पाठ. खांद्याला कापडी पिशवी. खाली लिहिलं होतं, ‘गावचं माणूस दिसलं. मालन वहिनी. कराड. एकट्याच.’

“आप्पा,” हिंदुराव म्हणाला, “एकट्याच म्हणजे काय?”

“एकट्याच म्हणजे बरोबर कुणी नाही.”

“ते कळलं. पण का नाही?”

बरोबर कुणी असतं तर त्यानं ‘कोण’ म्हणून विचारलं असतं, एवढाच फरक.

मालन म्हणजे हिंदुरावच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ वारून काही वर्षं झाली होती. घराच्या पुढच्या सोप्यात मशीन टाकून ती ब्लाऊज शिवायची. पंचक्रोशीत तिच्यासारखा गळा कापणारं कुणी नाही, असं माझी बायको हिरा म्हणायची, आणि पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकलो होतो. तर ही मालन दर बुधवारी मशीनवर चादर टाकायची, पिशवी घ्यायची आणि एसटीनं कुठंतरी जायची. दिवेलागणीला परत. कुठं जाते, ते सांगायची नाही.

आता कुणी म्हणेल, बाई एक दिवस बाहेर गेली तर एवढं काय? त्यासाठी तुम्हाला आमच्या बेलशिंग्याचा ग्रुप माहीत पाहिजे.

हिंदुराव त्या ग्रुपचा ॲडमिन. आणि त्याची सुरुवात चांगल्या कामातनं झाली होती, हे मी कबूल करतो. हिंदुरावचे वडील एका जत्रेत चुकले. म्हातारं माणूस, डोक्यानं थोडं हललेलं. सगळा गाव शोधत फिरला. शेवटी आमच्याच गावच्या एका ट्रॅक्टरवाल्यानं त्यांना तिसऱ्याच गावच्या पारावर बघितलं, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, ‘गावचं माणूस दिसलं.’ तासाभरात म्हातारबाबा घरी. त्या दिवशी हिंदुराव सगळ्यांसमोर रडला होता. ते रडणं खरं होतं.

पण एकदा चव लागली की लागली. मग जो तो दिसायला लागला. बेलशिंग्याचं कुणीही गावाबाहेर दिसलं की फोटो काढायचा आणि टाकायचा, अशी रीतच पडली. पाटलांना साखरेचा आजार, ते विट्यात जिलेबी खाताना दिसले. जिलेबी गिळायच्या आत पाटलीणबाईंचा फोन. हायस्कूलचे सर आजारी म्हणून रजेवर, ते सासुरवाडीत झाडावर चढून चिंचा पाडताना दिसले. जत्रेत कुस्त्यांच्या फडावर सालात सगळ्यात जास्त माणसं टिपणाऱ्याला ‘नजरबहाद्दर’ म्हणून फेटा बांधायला लागले. लोक तालुक्याला जाताना तोंडाला रुमाल बांधायचे, तर चपलांवरनं ओळखले जायचे. गावच्या म्हशीसुद्धा कॅमेरा दिसला की तोंड फिरवून उभ्या राहायच्या. ह्यातलं म्हशींचं कुणाला पटत नाही, बाकीचं सगळं खरं आहे.

एक गोष्ट मात्र होती. बाईमाणसाचा फोटो समोरनं काढायचा नाही, ते असभ्य. पाठीमागनं काढायचा. न विचारता काढायचा, पण पाठीमागनं. आमच्या गावाला मर्यादा फार.

मला त्या ग्रुपवर फोटो टाकायची बंदी होती. मी उभा जन्म कंडक्टरकीत काढला. गाडीत बसलेल्या माणसाला गोष्ट सांगितल्याशिवाय मला तिकीट फाडता यायचं नाही, आणि गोष्ट म्हटली की थोडी वाढणारच. एकदा मी ग्रुपवर टाकलं की आमचे सरपंच विमानाच्या पंखावर बसलेले दिसले. तेव्हापासनं ठराव झाला की आप्पांनी फक्त सुप्रभात टाकावं.

त्या दिवशी हिंदुराव अर्ध्या दाढीनं घरी गेला. मीही मागोमाग गेलो. शेजारीच राहतो, आणि खरं सांगायचं तर मला राहवेना. दिवेलागणीला मालन आली. पिशवी खुंटीला लावली, पाय धुतले. हिंदुरावनं फोन दाखवला आणि विचारलं, कराडात काय काम होतं. ती म्हणाली, काम होतं. कसलं? तर म्हणाली, माझं. हिंदुराव समजुतीनं बोलत होता. वहिनी, लोक बोलतात. दादा असते तर प्रश्न नव्हता. मी काय तुम्हाला अडवतोय का, नुसतं सांगून जावा. नव्या फोनवर माणूस कुठं आहे ते आपोआप दिसतं, तसला फोन मी तुम्हाला घेऊन देतो. म्हणजे तुम्हाला सांगायचासुद्धा त्रास नाही.

मालननं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “भावजी, सांगण्यासारखं काही असो नाहीतर नसो. सांगायचं नाही.”

आतल्या खोलीत हिंदुरावची बायको कुसुम भाकरी थापत होती, तो आवाज थांबला.

हिंदुराव वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. तो मालनच्या पाया पडायचा, तिच्या हातचं पहिलं वाढून घ्यायचा. पण गावानं विचारलं आणि आपल्याला सांगता आलं नाही, ही गोष्ट त्याच्या घशात काट्यासारखी अडकली होती. त्यानं बाजी लावली. येत्या बुधवारी तुम्ही जावा. सगळा गाव बघेल. सापडलात तर मी तिथनं तुम्हाला घेऊन येईन, आणि पुन्हा बुधवारचं जाणं बंद.

“आणि नाही सापडले तर?”

“तर मी जन्मात विचारणार नाही. आप्पा साक्षीला.”

“आप्पांची साक्ष कोण धरतंय,” मालन म्हणाली, आणि मशीनवरची चादर काढून शिवायला बसली. पण तिचा दोरा सुईत जात नव्हता. मी बघत होतो. जीभ ओली करून तिनं तो पुन्हा पुन्हा ओवायला घेतला आणि पुन्हा पुन्हा चुकला.

हिंदुराव स्वतः तिच्या मागं जाणार नव्हता. घरच्या बाईचा पाठलाग करणं त्याला शोभत नव्हतं. गावानं केलेला शोभत होता. त्यानं ग्रुपवर टाकलं, ‘बुधवारी मालन वहिनी जिथं दिसतील तिथं कळवावं. काळजीपोटी.’ खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. ज्यांना बुधवारी शेतात काम होतं, त्यांनाही एकदम तालुक्यात काम निघालं.

सोमवारी कुसुम ताकाचा तांब्या घेऊन आमच्या घरी आली. इकडचं तिकडचं बोलली आणि जाता जाता म्हणाली, “आप्पा, दुपारच्या टिपणाला इस्लामपूरला पोचायचं तर इथनं कितीची गाडी?”

मी सांगितलं. कुणाला जायचंय विचारलं, तर म्हणाली, असंच. थोड्या वेळानं पाटलीणबाई आल्या. त्यांना विट्याची गाडी पाहिजे होती, तीही असंच. संध्याकाळी जालिंदरची बायको तासगावचं विचारून गेली. मंगळवारी आणखी दोघी. सगळ्यांना पोचायचं होतं दुपारी एकाच वेळेला, आणि सगळ्यांना वेगवेगळ्या गावाला. मी मांडी ठोकून बसलो आणि गाड्या जुळवून दिल्या. अमकी फाट्यावर बदला, तमकीला मागनं चढा, ड्रायव्हर ओळखीचा आहे, माझं नाव सांगू नका, नाहीतर उतरवून देईल.

ही सगळी कल्पना माझी, असं मी पुढं पुष्कळांना सांगितलं. कुसुम सांगते, तिची. तुम्हाला काय मानायचं ते माना.

मंगळवारी जेवणं झाल्यावर बघतो तर आमची हिरा ट्रंकेतनं जांभळी साडी काढतेय. पिवळ्या काठाची. बचत गटाच्या बायकांनी तालुक्याच्या मेळाव्यासाठी सगळ्यांनी मिळून एकसारख्या घेतल्या होत्या, आणि सगळ्यांचे ब्लाऊज मालननंच शिवले होते. पाठीला एकच चौकोनी गळा, एकच गोंडा.

“कुठं निघालीस?” मी विचारलं.

“दिसंन तिथं,” ती म्हणाली.

बुधवारी सकाळी मालन जांभळी साडी नेसून बाहेर पडली. हिंदुराव दारातच होता. त्यानं तिला जाऊ दिलं आणि ग्रुपवर टाकलं, ‘वहिनी जांभळ्या साडीत आहेत. पिवळा काठ.’ म्हणजे बघणाऱ्याची चूक व्हायला नको. बायकोच्या ट्रंकेतल्या साडीचा रंग सांगता येईल असा नवरा बेलशिंग्यात अजून जन्मायचा होता. दुसऱ्याच्या बायका कुठल्या गावाला कुठल्या चपला घालून जातात, हे मात्र सगळ्यांना पाठ.

हिंदुरावनं मोटरसायकल पुसून फाट्यावर लावली आणि मला मागं बसवलं, साक्षीदार म्हणून. मीही बसलो. दुपारपर्यंत फोन गप्प होता. मग वाजला.

कराड. जांभळी पाठ, चौकोनी गळा. हिंदुरावनं किक मारली. आम्ही थोडं पुढं गेलो तोवर पुन्हा वाजला. विटा. जांभळी पाठ, कापडाच्या दुकानापुढं. त्यानं गाडी थांबवली. “कराडातनं विट्याला एवढ्यात?” मी म्हणालो, गाडी चांगली लागली असेल. तेवढ्यात तासगाव आलं. मग कडेगावच्या बाजारातली वांगी निवडणारी पाठ आली. एक पाठ नदीच्या घाटावर पाय सोडून बसली होती. ती मला जरा ओळखीची वाटली, पण मी काही बोललो नाही.

ग्रुपवर तर धुमाळी उडाली. कराडवाला म्हणे माझ्या डोळ्यांसमोर आहेत. विट्यावाला म्हणे तुझे डोळे तपास, मी पाच पावलांवर उभा आहे. तासगाववाल्यानं आईची शपथ घातली. फेट्यासाठी सालभर टपलेली माणसं एकमेकांची उणीदुणी काढायला लागली. आणि त्यातला एकही माणूस खोटं बोलत नव्हता. मी आयुष्यात एवढ्या थापा मारल्या, पण एकाही थापेनं एवढा गोंधळ घातला नाही, जेवढा त्या दिवशी सगळ्यांच्या खरेपणानं घातला.

हिंदुराव फाट्यावर उभा राहून चारी रस्त्यांकडं बघत होता. शेवटी इस्लामपूर आलं, भेळेच्या गाड्यापाशी. “ही चालण्याची ढब वहिनींचीच,” तो म्हणाला. फोटोतली बाई उभी होती, पण मी म्हणालो, असेल.

आम्ही सुसाट गेलो. गाडी लावायला जागा नव्हती, म्हणून त्यानं मोटरसायकल माझ्या हातात दिली आणि तो पुढं झाला. मी जरा अंतरावरनं बघत, ऐकत होतो. जांभळी साडी पाठमोरी. हिंदुराव मागं जाऊन उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला, “वहिनी, चला घरी.”

बाई वळली. कुसुम. तोंडात भेळ.

मी आजवर पुष्कळ तोंडं पाहिली आहेत, तिकीट न काढलेल्यांची तर फारच, पण हिंदुरावच्या त्या वेळच्या तोंडासारखं दुसरं नाही. कुसुमनं सावकाश घास गिळला.

“तुम्ही कसं काय इकडं?” ती म्हणाली.

“तू कशी काय?”

“बुधवार हाय न्हवं.”

“वहिनी कुठंयत?”

“मला काय ठाऊक. त्यांचा बुधवार त्यांच्यापाशी. मी माझ्याला आले.” तिनं भेळेचा कागद त्याच्यापुढं धरला. “लग्न होऊन आल्यापास्नं ह्या गावाचं नाव ऐकतेय. म्हटलं बघावं. भेळ तिखट हाय, जरा जपून.”

हिंदुरावला राग यायच्या बेतात होता. आलाच होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं बघितलं आणि भेळवाल्याच्या गाड्याला टेकला. मी मोटरसायकल स्टँडवर लावून धावलो.

फोटो त्याचाच होता. आत्ताचा. तोंड समोरनं, स्वच्छ. त्याच्या पुढं जांभळ्या साडीतली बाई, पाठमोरी, आणि ती त्याला काहीतरी खायला देतेय. खाली लिहिलं होतं, ‘गावचं माणूस दिसलं. हिंदुराव. इस्लामपूर. एका बाईबरोबर.’

आणि मग जे सुरू झालं ते सुरू झालं. कोण बाई? वहिनी तर तासगावात आहेत. मग ही कोण? ॲडमिनच असं करायला लागले तर गावानं कुणाकडं बघायचं? एकानं नुसतंच डोळे झाकलेलं माकड टाकलं. पाटलांनी, जिलेबीपासनं गप्प होते ते, लिहिलं, ‘काळजीपोटी विचारतो, घरी माहीत आहे का?’

“ही माझी बायको आहे, माझी बायको,” असं पुटपुटत हिंदुराव टाईप करायला लागला. माणूस आपल्याच बायकोबरोबर भेळेच्या गाड्यावर उभा होता आणि कपाळावरनं घाम पुसत गावाला त्याचा खुलासा देत होता. अर्धं लिहून झालं, आणि कुसुमनं त्याच्या हातावर हात ठेवला.

“कशाला सांगताय?”

“अगं, लोक काय म्हणतील?”

“म्हणू द्या. तुम्ही काय चोरी केलीया?”

“न्हाई.”

“मग?”

फोन हातात वाजतच होता. बराच वेळ वाजला. मग त्यानं लिहिलेलं पुसलं, फोन बंद करून खिशात घातला आणि भेळ खाल्ली. तिखट लागल्यावर डोळ्यांतनं पाणी आलं, ते भेळेमुळंच आलं असं आपण धरू. परत जाताना मला मोटरसायकल एकट्यालाच आणावी लागली. ती दोघं एसटीनं आली, मागच्या सीटवर बसून.

संध्याकाळी मालन घरी आली. ग्रुपवर तिचे फोटो पुष्कळ होते, आणि त्यातला तिचा एकही नव्हता, असं पुढं कधीतरी कळलं. हिंदुराव सोप्यात बसला होता. तो काय विचारतो म्हणून मी कुंपणाला कान लावून होतो. त्यानं विचारलं, “वहिनी, जेवलात का?” ती म्हणाली, जेवायचेय. “मग ताटं घ्या,” तो म्हणाला.

आमची हिराही उशिरानं आली. तिच्या साडीचा काठ ओला होता आणि ती स्वतःशीच गुणगुणत होती. कुठं गेली होतीस विचारलं, तर म्हणाली, तुम्हाला सांगून गावाला सांगू व्हय?

त्यानंतर ग्रुप बंद पडला वगैरे काही नाही. अजून आहे. फक्त कुणी ‘दिसलं’ म्हणून टाकलं की खाली कुणीतरी लिहायचं, ‘नक्की का?’ आणि टाकणाराच गडबडायचा. त्या साली फेटा कुणालाच बांधला नाही. पुढं लोकांनी तोंडावरचे रुमाल सोडले. जांभळ्या साड्या मात्र विरेपर्यंत वापरल्या बायकांनी, आणि विरल्यावर पुन्हा सगळ्यांनी एका रंगाच्या घेतल्या.

पुढच्या बुधवारी मी फाट्यावरच्या शेडमध्ये बसलो होतो. मुद्दामच बसलो होतो, कशाला लपवू. मालन आली, शेजारी टेकली. पिशवी मांडीवर. गाडीला वेळ होता आणि रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. ती म्हणाली, “आप्पा, तुम्ही गाड्या जुळवून दिल्या म्हणून बायका एवढ्या निघाल्या. कुसुम म्हणाली.”

मी म्हणालो, त्यात काय.

“तुम्हाला सांगू? कुठं जाते ते?”

आता बघा. मी किती आठवडे त्या एका गोष्टीवाचून तळमळत होतो, हे माझं मला माहीत. हिराला विचारलं होतं, कुसुमला विचारलं होतं, कराडच्या जुन्या ड्रायव्हरला फोनसुद्धा केला होता. रात्री मी एकेक जागा मनात मांडून बघायचो. कुणी भेटायला असेल. काही शिकत असेल. देवाला जात असेल. नाहीतर नुसतीच एखाद्या स्टँडवर बसत असेल, जिथं तिला कुणी कुणाची वहिनी म्हणत नाही. आणि आता ती स्वतः तोंडानं सांगत होती. नुसतं ‘सांग’ म्हणायचं होतं.

“नको,” मी म्हणालो.

तिला वाटलं, मी रागावलो. म्हणाली, “का हो?”

“अगं, थाप मी जन्मभर सांभाळून ठेवीन. खरं माझ्या पोटात एक दिवस टिकत नाही.”

ती हसली. नवरा गेल्यापासनं मी तिला तशी हसताना बघितली नव्हती. पदर तोंडाला लावून नाही, चांगली मोकळी हसली. वळणावर गाडीचा आवाज आला. ती उठली, पिशवी खांद्याला लावली, रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि हात दाखवला.

एसटी दिसली की आधी पाटी वाचायची, ही माझी उभ्या जन्माची खोड. झोपेतसुद्धा सुटत नाही. त्या दिवशी मी मान खाली घातली आणि चपलेतला खडा काढत बसलो. खडा नव्हता. दार उघडल्याचं ऐकलं, घंटी ऐकली. गाडी पार लांब जाईपर्यंत वर बघितलं नाही.